कोपऱ्यावरचा दुसरा गडी



कल्याण-डोंबिवलीच्या आसपास जीं कांहीं भातखाचरें इमारतींच्या तडाख्यांतून अद्याप बचावलीं आहेत, तेथें कापणीनंतर एखाद्या संध्याकाळीं चक्कर मारावी. फक्कीनें आखलेलें मैदान, भोंवतीं आगरी-कोळी वस्तींतील लहानथोर मंडळी, आणि मध्यें "कबड्डी, कबड्डी" असा अखंड घोष चाललेला दिसेल. आमच्या आजोबांच्या पिढीस हा खेळ हुतूतू म्हणून ठाऊक होता. 1936 सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें परदेशी प्रेक्षकांस तो करून दाखविला. 1990 सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्यास पदकाचा मान मिळाला. आणि 2014 च्या जुलैपासून प्रो कबड्डी लीगच्या रूपानें तो व्यवसायहि झाला. इतकें सर्व झालें, तरी टाळ्या कोणास मिळतात हें मात्र बदललें नाहीं. दोन गडी मारून, दम राखून, मध्यरेषेवर पालथा पडणाऱ्या चढाईवाल्यास त्या मिळतात. प्रस्तुत लेख त्याच्याविषयीं नाहीं. तो कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्याविषयीं आहे; आणि खरें सांगावयाचें तर, त्या कोपऱ्याची पाळी केव्हां येईल याची वाट पाहात बाकावर बसलेल्या दुसऱ्या गड्याविषयीं आहे.

प्रथम मैदान डोळ्यांपुढें आणा. पुरुषांचें मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद. म्हणजे एका संघाच्या वांट्यास साडेसहा मीटरांची खोली येते. तेवढ्यांत सात गडी अर्धवर्तुळाकार उभे राहतात. दोन टोकांस दोन कोपरे. त्यांच्या लगत आंतल्या बाजूस दोन 'इन'. त्यांच्याहि आंत दोन 'कव्हर', ज्यांस वर्तमानपत्रें मध्यरक्षक म्हणतात. आणि मधोमध एक. चढाई करणाऱ्यास कोणासहि स्पर्श न करतां परतावयाचें असेल, तर मध्यरेषेपासून 3.75 मीटरांवरील निदान रेषा त्यानें ओलांडलीच पाहिजे. तिच्यापलीकडे आणखी एका मीटरावर बोनस रेषा आहे. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हांच बोनसचा गुण मिळतो, आणि तो मिळविण्यास एक पाय त्या रेषेपलीकडे टेकून दुसरा उचललेला ठेवावा लागतो. म्हणजे अर्धा क्षण तो एका पायावर उभा असतो. कोपऱ्याचा म्हणून जो क्षण, तो हाच. कोपरेवाला त्या टेकलेल्या पायाच्या घोट्यावर झेप घालतो. परंतु एकट्या घोट्यानें कार्य होत नाहीं. दांडगा गडी घोट्यास लोंबकळलेल्या माणसासह फरफटत जाऊन मध्यरेषेस बोट लावितो. म्हणून घोटा हातीं येतांच कव्हरनें पुढून छातीवर धडक दिली पाहिजे. कोपऱ्यानें खुंट्यास बांधावें व कव्हरनें दार लावावें, असा हा दोघांचा कारभार आहे. आणि यांतील एक जण पापणी लवण्याइतका जरी मागें राहिला, तरी दोघेहि बाद होऊन बाहेर जातात.

आतां पुष्कळांस वाटतें कीं, जो डाव्या कोपऱ्यावर खेळतो तो वेळ पडल्यास उजव्यावरहि खेळेल. त्यांत काय मोठें? मींहि असेंच समजत होतों. डाव्या कोपऱ्यावरील गड्यास सारें मैदान आपल्या उजव्या हातास असतें, आणि उजव्या कोपऱ्यावरील गड्यास तें डाव्या हातास असतें. आरशांत पाहून सही करण्यासारखा हा प्रकार आहे. कोणता पाय पुढें, कोणता हात सांखळींत, मान कोणीकडे वळवावयाची, हें सर्व उलट होतें. ज्यास हें उलट करतां येतें असा गडी शंभरांत एखादा. बाकीच्यांस तें निराळें शिकवावें लागतें.

याखेरीज कबड्डीचा एक नियम असा आहे कीं, तो ध्यानांत घेतल्याशिवाय राखीव गड्यांचा विचारच करतां येत नाहीं. बाद होऊन बाहेर गेलेल्या गड्याच्या जागीं बदली गडी घेतां येत नाहीं. बदली होते ती मैदानावर असलेल्या गड्याची. बाद झालेला गडी, आपल्या संघानें प्रतिपक्षाचा गडी मारल्यावर, ज्या क्रमानें बाहेर गेला त्याच क्रमानें परत येतो. तेव्हां आपला डावा कोपरा पहिल्याच चढाईत बाद झाला, तर बाकावर साक्षात् दुसरा डावा कोपरा बसला असला तरी व्यर्थ! मैदानावर उरलेल्या सहांपैकीं कोणी तरी सरकून ती जागा धरली पाहिजे. म्हणजे राखीव गडी दोन ठिकाणीं हवा: एक बाकावर आणि एक सातांच्या पोटांत. डावा 'इन' निवडतांना तो कोपऱ्याचें काम जाणतो कीं नाहीं, हें पाहावें तें याकरितां. मैदानावर तीन किंवा कमी गडी उरले असतां केलेल्या पकडीस व्यावसायिक सामन्यांत एक गुण अधिक मिळतो. त्यास सुपर टॅकल म्हणतात. त्या तिघांत एकहि घोटा धरणारा नसेल, तर मिळूं शकणाऱ्या त्या दोन गुणांकडे नुसतें पाहात बसावें लागतें.

हें ज्ञान मला पुस्तकांतून झालेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं कल्याणास एका आंतरशालेय सामन्यासाठीं मी एका शाळेचा संघ घेऊन गेलों होतों. बाकावर माझे चार मुलगे होते: तीन चढाईचे आणि एक कव्हर. असे कां निवडले, म्हणून विचाराल, तर चढाई पाहावयास मलाहि आवडे, आणि चढाईच्या मुलांचे पालक तक्रार करीत नसत, इतकेंच कारण. दुसऱ्या डावांत शेवटचीं पांच-सहा मिनिटें उरलीं असतां आमच्या डाव्या कोपऱ्याच्या मुलानें झेप घातली ती खांद्यावर पडली. तो उठला, हात झटकला आणि म्हणाला, "सर, दुखत नाहीं." मीं बाकाकडे पाहिलें. तेथें कोपऱ्यावर उभा करावा असा एकहि नव्हता. मग मीं त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. कारण तो ठेवणें मला सोयीचें होतें. त्यानंतरच्या चौथ्या चढाईंत त्यानें पट धरला, पण बोटें मिटेनात. दोन गुणांनीं आम्ही हरलों. संध्याकाळीं डॉक्टरांनीं गळ्याजवळचें हाड चिरकल्याचें सांगितलें. सहा आठवडे मुलाचा उजवा हात झोळींत होता, आणि सहामाही परीक्षा त्यांतच निघून गेली. त्याचे वडील रोज पहाटेच्या लोकलनें मुंबईस कामावर जाणारे गृहस्थ. ते रागावले नाहींत. त्यांनीं मला एवढेंच विचारलें, "सर, दुसरा कोणी नव्हता का?"

त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं मी मोठ्या संघांकडे पाहूं लागलों. आपल्या मुंबईच्या यू मुंबा संघाची कथा या बाबतींत फार बोलकी आहे. लीगच्या पहिल्या तीनहि पर्वांत हा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. 2014 सालीं जयपूरकडून 35-24 असा हरला, 2015 सालीं बंगळुरूस 36-30 असें नमवून विजेता झाला, आणि 2016 च्या मार्चांत पाटण्याकडून 31-28 असा थोडक्यांत हरला. अनुपकुमारच्या नेतृत्वाची व चढायांची वाखाणणी झाली, ती योग्यच. परंतु त्या संघाची तटबंदी पाहा: डाव्या कोपऱ्यावर सुरेंदर नाडा, उजव्यावर मोहित छिल्लर, आणि कव्हरला जीवा कुमार व मुंबईचा विशाल माने. चौघांची गांठ अशी बसली होती कीं, एकानें पाऊल उचलल्यावर दुसऱ्यास हांक मारावी लागत नसे. पुढें 2016 च्याच लिलावांत छिल्लरला बंगळुरूनें 53 लाख रुपयांस घेतलें, आणि नाडाहि तिकडेच गेला. दोन्ही कोपरे एकाच वेळीं रिते झाले! त्या पर्वांत यू मुंबा पहिल्या चार संघांतहि आला नाहीं. हार एकाच कारणानें होत नाहीं, हें मी जाणतों. तथापि तें मोठें कारण होतें, असें माझें मत आहे. गमतीची गोष्ट अशी कीं, 2017 सालीं नवा निघालेला हरियाणाचा संघ उभारतांना चालकांनीं नाडा आणि छिल्लर या दोघांनाहि एकत्र घेतलें. जोडीची किंमत त्यांस कळली होती.

याच कथेचें एक उपकथानक आहे. इराणचा फजल अत्राचली 2015 सालीं यू मुंबाच्या यादींत होता. तोहि डाव्या कोपऱ्याचाच; पण ती जागा नाडाची. पुढें तो पाटण्यास गेला, आणि 2016 च्या उत्तरार्धांतील पर्वांत त्या संघानें विजेतेपद मिळविलें. अखेर 2018 सालीं यू मुंबानें त्यास एक कोटि रुपये देऊन परत आणलें. त्या वेळीं संघाची एकूण थैली चार कोटींची होती. म्हणजे चौथा हिस्सा एका कोपऱ्यावर खर्च झाला. त्याच वर्षीं जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत इराणनें भारतास उपांत्य सामन्यांत 27-18 असें हरविलें, आणि फजल त्या इराणी संघांत होता. एके काळीं आपल्याच बाकाशीं ज्याची उठबस होती, त्याच्या संघाकडून हार खाणें कसें वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

पुण्याच्या पलटणीनें हा धडा अधिक चांगला गिरविला, असें म्हणावें लागतें. 2022 सालीं त्यांच्या डाव्या कोपऱ्यावर हाच फजल होता, आणि अंतिम सामना ते जयपूरकडून 33-29 असे हरले. तो गेल्यावर त्यांनीं जागा रिकामी ठेवली नाहीं. महम्मदरेझा शादलूई या दुसऱ्या इराणी गड्यास 2 कोटि 35 लाख रुपये देऊन आणलें. थैली पांच कोटींची होती. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा: शंभरांतील सत्तेचाळीस रुपये एका गड्यावर गेले, आणि यादींत तर किमान अठरा गडी हवेत. मग उरलेल्या त्रेपन्नांत बाकीचे कसे बसविले? तर तरुण मुलांस आधींपासून आपल्या हाताखालीं वाढवून. 'युवा पलटण' म्हणून त्यांचा तरुणांचा निराळा संघ आहे. उजव्या कोपऱ्यास गौरव खत्री, कव्हरला अबिनेश नादराजन व आपला संकेत सावंत अशी तटबंदी उभी राहिली, आणि 1 मार्च 2024 रोजीं हैदराबादेंत हरियाणास 28-25 असें हरवून पलटण प्रथमच विजेती झाली. पुढच्याच पर्वांत शादलूई हरियाणास गेला, आणि त्या डिसेंबरांत हरियाणा विजेता झाला, हेंहि नमूद केलें पाहिजे. कोपरा विकत घेतां येतो. पण तो आपल्याकडे कायम ठेवतां येत नाहीं.

अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो अंडाकृति चेंडूचा खेळ चालतो, त्यांतहि याच जातीचा प्रश्न आहे. तेथें अकरा गडी मैदानावर आणि 53 जण यादींत असतात. मागल्या बाजूस कडेला दोन कॉर्नरबॅक व त्यांच्यामागें दोन सेफ्टी, असे चार रखवालदार ही नेहमींची रचना. पांचवा आणला कीं त्या रचनेस 'निकल' म्हणतात. कारण त्यांच्या पांच सेंटांच्या नाण्याचें तें नांव आहे. मला मौजेची वाटते ती गोष्ट निराळीच. तेथील चौथा-पांचवा कॉर्नरबॅक आपली जागा टिकवितो तो पुष्कळदां लाथेनें उडविलेल्या चेंडूमागें धांवून, प्रतिपक्षाच्या गड्यास लोळविण्याच्या कामावर. म्हणजे राखीव गड्यास वाट पाहण्याखेरीज स्वतःचें असें दुसरें काम दिलेलें असतें. हें वाचल्यापासून आमच्या दुसऱ्या कोपऱ्यास मी एक साधी चढाईहि शिकवितों. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीस गुण आणावाच लागतो, नाहीं तर चढाईवाला बाद. अशा वेळीं मोहऱ्याचा गडी न दवडतां याला पाठवितां येतें.

आतां आमच्याकडे बारा जणांच्या यादींत कोपऱ्याचे चार मुलगे असतात, आणि मुलींच्या संघांतहि हीच वहिवाट ठेवली आहे. त्यांचें मैदान 12 मीटर लांब व 8 मीटर रुंद, त्यामुळें कोपरा व कव्हर यांच्यांतील अंतर कमी. पण जोडी जमविण्याची कटकट तीच. आठवड्यांतील दोन दिवस दुसरा कोपरा पहिल्या कव्हरबरोबर खेळतो. शिवाय एक नियम मीं लेखी करून ठेवला आहे: प्रत्येक सामन्यांत गुणफलक कांहींहि सांगो, दुसऱ्या कोपऱ्यास निदान पांच मिनिटें मैदानावर उतरवावयाचें. या नियमापायीं गेल्या हिवाळ्यांत एक जिंकत आलेला सामना आम्ही घालविला. चार पालकांनीं मला भर मैदानांत ऐकविलें, आणि मीं तें ऐकून घेतलें. खांद्यावरून पडूं पाहणारा मुलगा जेव्हां "दुखत नाहीं" म्हणतो, तेव्हां मला त्यावर विश्वास ठेवण्याची गरज पडूं नये, एवढ्यासाठीं तो सामना मीं दिला.

यंदा एका मुलाच्या मातोश्री शाळेंत आल्या. "सर, माझा मुलगा दोन वर्षें पहाटे उठून मैदानावर येतो, आणि सामन्याच्या दिवशीं बाटल्या भरतो. त्यापेक्षां त्यानें अभ्यास केलेला काय वाईट?" प्रश्न रास्त होता. मीं त्यांस त्याची वही दाखविली. बाकावर बसल्या बसल्या प्रतिपक्षाच्या प्रत्येक चढाईवाल्यापुढें तो खुणा करतो: कोणता पाय आधीं पडतो, बोनस कोणत्या बाजूनें घेतो, दमला कीं कोणीकडे झुकतो. त्यांनीं वही उलटसुलट करून पाहिली, मुलाचें अक्षर फार गिचमिड असल्याचें सांगितलें, आणि पुढल्या शनिवारचा सामना किती वाजतां आहे तें विचारून त्या गेल्या.

त्या शनिवारीं त्या आल्या होत्या. मुलगा माझ्या शेजारीं बसला होता. पहिल्या दहा मिनिटांत तो मला एकदांच बोलला: "सर, त्या उंच मुलाचा डावा पाय नेहमीं आधीं टेकतो." मीं त्यास पट्टे बांधावयास सांगितलें.