माहितीपट करणाऱ्या भाचीस पत्र

चि. छकुलीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ऊसतोड कामगारांवरचा माहितीपट पूर्ण झाल्याची वार्ता धाकट्या मावशींकडून घरी पोहोचली आणि तिच्या पाठोपाठ दुसरीही एक वार्ता आली, जी खरी असल्यास काळजी करण्याजोगी आहे. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बसून एका बाईने आपल्या मुलीच्या आजारपणाची हकीकत सांगितली, सांगताना तिला रडू आवरेना, नेमकी त्याच वेळी कॅमेऱ्याची बॅटरी संपली, आणि मग दुसऱ्या दिवशी त्याच साडीत, त्याच जागी बसवून तिला ती हकीकत पुन्हा सांगायला लावण्यात आली, एवढेच नव्हे तर तिच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत कॅमेरा चालू ठेवण्यात आला, असे मावशींचे म्हणणे आहे. मावशींच्या बोलण्यात तिखटमीठ किती असते हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तरीही या वेळी त्यांनी जो तपशील सांगितला तो रचलेला वाटत नाही, म्हणून हे पत्र. मामाने चित्रपट केलेले नाहीत, पण माहितीपट पुष्कळ पाहिले आणि त्यांतील काही पुन्हा पुन्हा पाहिले; जे सांगायचे आहे ते त्यांच्याच आधाराने सांगितलेले बरे.

माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांच्या आणि घडलेल्या गोष्टींच्या आधारे रचलेला चित्रपट. आणि घडून गेलेला प्रसंग कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवून दाखवणे, म्हणजेच पुनर्रचना, ही त्यात पहिल्यापासून चालत आली आहे, असे उत्तर छकुलीने मावशींना दिल्याचे कळते. उत्तर खोटे नाही. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा १९२२ साली प्रदर्शित झालेला ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोकांवरचा मूकपट या कलाप्रकाराच्या आरंभीचा मानला जातो आणि त्यातील कितीतरी दृश्ये मुद्दाम घडवलेली आहेत. इग्लूत, म्हणजे बर्फाच्या घरात, त्या काळचा अवजड कॅमेरा मावेना आणि उजेडही पुरेना, म्हणून एक बाजू उघडी ठेवलेले इग्लू खास बांधण्यात आले. बंदुका वापरू लागलेल्या शिकाऱ्यांनी कॅमेऱ्यापुरते जुने भाले हाती घेतले. नायकाचे नानूक हे नावही चित्रपटापुरतेच, त्याचे खरे नाव अलाकारियालाक. असे असूनही हा चित्रपट पाहण्यासारखा आहे, कारण फ्लॅहर्टींनी चित्रित केलेला भाग तिथल्या तिथे धुऊन त्याच लोकांना दाखवला, त्यामुळे पुढे काय आणि कसे चित्रित करायचे यात ते लोक जाणतेपणी सहभागी झाले, आणि उघड्या इग्लूच्या थंडीत कुडकुडणाऱ्या कुटुंबाला आपण काय करत आहोत याची कल्पना होती. त्याच चित्रपटात एक ग्रामोफोनचा प्रसंग आहे, ज्यात नानूक तबकडी उचलून दातांनी चावून पाहतो. ग्रामोफोन काय असतो हे त्या माणसाला माहीत होते, तरी प्रेक्षकाने त्याच्या अजाणतेपणावर हसावे अशी ती मांडणी आहे. इग्लूच्या दृश्यात माणसे दिग्दर्शकाच्या बरोबरीने उभी आहेत आणि तबकडीच्या दृश्यात त्यांच्यातल्या एकाकडून काहीतरी काढून घेतले गेले आहे. दोन्ही दृश्ये घडवलेलीच आहेत, म्हणून पुनर्रचना चालते की चालत नाही एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. कोपीतल्या त्या बाईला या दोहोंपैकी कोणत्या दृश्यात बसवले गेले, हे छकुलीने स्वतःशी ठरवावे.

पुनर्रचना प्रामाणिकपणे कशी करावी याचा नमुना पाहायचा असेल तर एरल मॉरिस यांचा १९८८ सालचा ‘द थिन ब्लू लाइन’ हा अमेरिकी माहितीपट पाहावा. डॅलस शहरात १९७६ साली एका पोलिसाची गोळी घालून हत्या झाली आणि रँडल डेल ॲडम्स या माणसाला त्याबद्दल मृत्युदंडाची शिक्षा सुनावण्यात आली, जी पुढे जन्मठेपेवर आली. मॉरिस यांनी साक्षीदारांना बोलते केले आणि प्रत्येकाच्या सांगण्याप्रमाणे तो खून पडद्यावर वेगवेगळ्या प्रकारे घडवून दाखवला, ज्यामुळे त्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे प्रेक्षकाला आपल्या डोळ्यांनी दिसले. इथे पुनर्रचना पुनर्रचना म्हणूनच समोर येते, ती कोणालाही खरा प्रसंग म्हणून विकलेली नाही. या माहितीपटाने खटल्याकडे पुन्हा लक्ष वेधले आणि १९८९ साली ॲडम्स तुरुंगातून सुटला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे; मामाला मात्र त्याचा शेवट अधिक मोलाचा वाटतो. ज्या दिवशी डेव्हिड हॅरिस या दुसऱ्या माणसाने जवळजवळ कबुली द्यावी तसे बोलणे केले, त्याच दिवशी कॅमेरा बिघडला होता आणि हाती आला तो केवळ टेपरेकॉर्डरवरचा आवाज. मॉरिस यांनी पडद्यावर तो छोटा टेपरेकॉर्डर दाखवला आणि प्रेक्षकाला आवाज ऐकू दिला. त्या चित्रपटातील सर्वांत अंगावर येणारा भाग तोच आहे.

मावशींच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या दिवशीचा त्या बाईचा आवाज वेगळ्या यंत्रावर पूर्ण मुद्रित झाला होता. तसे असेल तर दुसऱ्या दिवसाची गरज नव्हती. कोपीवरचे पाचट, दाराशी टेकवून ठेवलेला कोयता, तीन दगडांच्या चुलीवर करपत चाललेली भाकरी, यांपैकी काहीही पडद्यावर ठेवून तो आवाज ऐकवला असता तरी पाहणाऱ्याला पुरे झाले असते. ज्या व्यवसायात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ अशी मोजणी होते, ज्यात मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत आजारी मुलीला घेऊन दवाखान्यात बसायलाही सवड मिळत नाही, तिथल्या बाईला कॅमेरा घेऊन आलेल्या शहरी मुलीने ‘पुन्हा सांगा’ म्हटल्यावर नाही म्हणता येते का, हा विचार त्या दोन दिवसांत कोणाच्याच मनात आला नसेल तर ते फार वाईट आहे. तिने होकार दिला होता, असे सांगितले जाईल. पण ज्या माणसाचा सगळा दिवस दुसऱ्याच्या हुकुमावर जातो, त्याच्या होकाराची किंमत करताना अधिक सावध राहावे लागते, आणि हे आजवर छकुलीला घरात कोणी शिकवले नाही असे म्हणण्याची सोय नाही, कारण आपल्या घरातल्या माईंनी मोलकरणीच्या मुलीला कधी साधे पाणी आणायलाही सांगितले नाही, हे तिने लहानपणापासून पाहिले आहे.

ज्यांना चित्रित केले त्यांना चित्रपटाबद्दल बोलू देणे हीसुद्धा या कलेतली जुनी रीत आहे. जाँ रूश आणि एदगार मोरँ या फ्रेंच जोडीने १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमधील साध्या माणसांना ते कसे जगतात, सुखी आहेत का, असे विचारत ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ हा माहितीपट केला, जो १९६१ मध्ये प्रदर्शित झाला आणि ज्याच्यामुळे सिनेमा वेरिते, म्हणजे कॅमेऱ्याचे अस्तित्व न लपवता त्याच्या साहाय्याने सत्य शोधणारा चित्रपट, ही संज्ञा रूढ झाली. त्यात मार्सेलिन ही तरुणी, जी मुलगी असताना नाझींच्या छळछावणीतून वाचून आली होती पण जिचे वडील परत आले नाहीत, पॅरिसच्या मोकळ्या रस्त्यांवरून एकटी चालत, जवळच्या ध्वनिमुद्रकात वडिलांशी बोलत राहते. कॅमेरा तिच्यापासून दूर दूर जातो आणि ती लहान होत जाते. शेवटी दिग्दर्शकांनी चित्रित केलेला भाग त्यातल्याच माणसांना दाखवला, आणि त्यांतील काहींना तो निर्लज्ज वाटला, काहींना नाटकी, काहींना खरा. ही सगळी चर्चा दिग्दर्शकांनी चित्रपटातच ठेवली. कोपीतल्या बाईने छकुलीचा माहितीपट पाहिला आहे का? महाविद्यालयातील परीक्षकांनी पाहिला, मावशींच्या मुलाने मोबाइलवर पाहिला, तिने पाहिला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण यापेक्षाही जवळचे आहे. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या मुंबईतील झोपडपट्ट्या पाडण्यावरील १९८५ सालच्या माहितीपटात घर मोडलेली एक बाई दिग्दर्शकालाच फैलावर घेते, की हे फोटो काढून तुमचे नाव होईल, आमच्या हाती काय पडणार. पटवर्धनांनी ते बोलणे कापले नाही, स्वतःवरचा आरोप तसाच ठेवला, आणि त्यामुळे त्या चित्रपटावर विश्वास बसतो. त्याच चित्रपटात विलास घोगरे या शाहिराचे गाणे आहे. पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या वस्तीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी आपल्या घरात आयुष्य संपवले. ज्याचे गाणे बारा वर्षांपूर्वी चित्रित केले होते त्याच्या मरणाचा अर्थ लावण्यासाठी पटवर्धन पुन्हा त्या वस्त्यांकडे गेले आणि चौदा वर्षे जात राहिले. त्यातून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा माहितीपट उभा राहिला, ज्यात शाहिरी, जलसे, वस्तीतील बायामाणसे, खटल्यांचे रेंगाळणे आणि नव्या पिढीचे गाणारे तरुण असा महाराष्ट्राचा एक मोठा भाग सामावला आहे. मराठी माणसाने हा चित्रपट पाहिलेला नसेल तर आपल्याच राज्याची ओळख अपुरी राहिली असे मामाचे ठाम मत आहे. आणि त्याची लांबी कोणाला जास्त वाटत असेल तर इतकेच लक्षात घ्यावे की तो करणाऱ्याने त्या माणसांकडे जाणे थांबवले नव्हते.

या सगळ्यामागे मामाच्या मनातली एक जुनी खंतही आहे, जी छकुलीच्या आईला माहीत आहे. परळच्या गिरणीत साचे चालवणारे थोरले काका १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर पुन्हा कामावर गेलेच नाहीत आणि पुढची सगळी वर्षे खिडकीशी बसून राहिले. घरात तेव्हा टेपरेकॉर्डर होता, त्यावर रात्री गाणी लागत, आणि विशीतल्या मामाला वाटे की काका बोलत नाहीत त्या अर्थी त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नसावे. अडीच लाख कामगारांचा तो संप आता पुस्तकांत वाचायला मिळतो, पण काकांना त्याचे काय वाटले हे त्यांच्या आवाजात कुठेही नाही. छकुलीने निदान विचारले. भर उन्हात फडावर जाऊन, पाचटाने हातांवर ओरखडे घेऊन, कोणी न विचारलेल्या बाईला विचारले, हे मोठे काम आहे आणि घरातल्या कोणाच्याही हातून ते याआधी झालेले नाही. वरचे सगळे लिहिताना शब्द कडक झाले असतील, पण माईंच्या शेवटच्या आजारात रात्रभर त्यांचा हात धरून बसणारी मुलगी दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बेफिकीर असेल यावर मामाचा मुळीच विश्वास नाही. घाई झाली असेल, बरोबरच्या मुलांनी भरीस घातले असेल, गुणांची चिंता असेल.

एवढेच करावे की हंगाम संपून ती बाई गावी परतली असल्यास मुकादमाकडून गावाचे नाव घ्यावे, तिच्या घरी जाऊन, मुकादम किंवा गावातले पुढारी जवळ नसताना, तिला तो माहितीपट सावकाश दाखवावा, आणि तिने काढा म्हटले तर तो भाग काढावा, ठेवा म्हटले तर पहिल्या दिवसाचा आवाज ठेवता येतो का ते तिलाच विचारावे. जाण्यायेण्याच्या भाड्याचे पैसे ताईकडे दिले आहेत आणि एकटीने जाणे जड वाटत असेल तर मामा बरोबर यायला तयार आहे. ताईने डिंकाचे लाडू केले आहेत, त्यांतले निम्मे त्या बाईच्या मुलांसाठी न्यावेत. स्पर्धेला माहितीपट पाठवण्याची मुदत जवळ आली असली तरी आधी तिथे जाऊन यावे, आणि जागरणे करू नयेत.

कळावे. मामाचे आशीर्वाद.