बाप्तिस्मा नोंदवही आणि आपले आडनाव



कॅनडातील क्यूबेक शहर शाम्प्लेन यांनी १६०८ साली वसवले. फ्रान्सहून तेथे गेलेल्या अनेक घराण्यांना आज दहा-बारा पिढ्या मागे, थेट मूळ पुरुषापर्यंत जाता येते. याचे मुख्य श्रेय चर्चमधील नोंदवह्यांना आहे. त्रेंत धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात अशा नोंदी ठेवण्याचा नियम केला. आपल्या चर्चची नोंदवहीही त्याच नियमातून आली आहे. म्हणून त्या लोकांचा अनुभव आपण समजून घेऊ या.

नोंदी कशा टिकल्या?
१६४० साली क्यूबेकचे चर्च जळाले आणि नोंदवह्याही जळाल्या. तेव्हा तेथील धर्मगुरूंनी लोकांना विचारून, आठवून त्या पुन्हा लिहून काढल्या. पुढे दोन प्रती ठेवण्याची पद्धत आली : एक चर्चमध्ये, दुसरी न्यायालयात. १९९४ पर्यंत क्यूबेकमध्ये चर्चची नोंद हाच सरकारी दाखलाही होता.

एका माणसाची दोन आडनावे
फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव मिळत असे. लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे निश्चिंत. १६६५ साली आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतील सुमारे ४०० जण तेथेच स्थायिक झाले आणि त्यांची टोपणनावेही रुजली. शिपाई नसलेल्यांनाही गावावरून किंवा जमिनीवरून दुसरे नाव पडे. नोंदीत दोन्ही नावे येत आणि मध्ये ‘दी’, म्हणजे ‘ऊर्फ’, असे लिहीत. जसे ‘ह्यूदों दी बोल्यू’. काही पिढ्यांनी एका भावाचे वंशज ह्यूदों राहिले, तर दुसऱ्याचे बोल्यू झाले. पुढे कामधंद्यासाठी अमेरिकेत गेलेल्या काहींनी नावाचे भाषांतरच केले : ‘लब्लां’चा ‘व्हाइट’ झाला, ‘र्वा’चा ‘किंग’. म्हणून केवळ आडनाव धरून शोधणारा वाट चुकतो.

जोसेफ आणि मारी
बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावण्याची प्रथा होती. घरात हाक मारायचे नाव बहुधा शेवटी असे. एखादे मूल दगावले तर तेच नाव पुढच्या बाळाला देत. त्यामुळे एकाच घरात एकाच नावाच्या दोन नोंदी सापडतात.

स्त्रीचे नाव मात्र नोंदीत माहेरच्या आडनावानेच राही, लग्नानंतर आणि मरणानंतरही. त्यामुळे आईच्या बाजूचे घराणेही सापडते. विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या आईवडिलांची नावे असतात. म्हणून जाणकार एका विवाहावरून मागच्या विवाहाकडे जातात. पुनर्विवाह असेल तर बहुधा आधीच्या जोडीदाराचेच नाव असते; तेव्हा पहिला विवाह शोधावा लागतो. सेप्रियां तांग्वे या धर्मगुरूने अशा नोंदी जुळवून १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशावळी कोश छापला.

ज्यांना आडनाव मिळाले नाही
याच वह्यांत गुलामांचेही बाप्तिस्मे आहेत. इतिहासकार मार्सेल त्र्युदेल यांनी अशा सुमारे ४,२०० गुलामांची नावे जमा केली. त्यांतील बहुतेक तेथील आदिवासी होते. त्यांच्या नोंदीत अनेकदा ख्रिस्ती नाव आणि मालकाचे नाव एवढेच आहे. आईवडिलांचा पत्ता नाही. बाप्तिस्म्याने ते देवाची लेकरे झाली, पण त्याच पानावर माणसांनी त्यांना दुसऱ्याची मालमत्ता म्हणून लिहिले. ही विसंगती आपण झाकता कामा नये.

आपल्यासाठी बोध
वसईतही पोर्तुगीज आडनावे बाप्तिस्म्याबरोबरच आली. एकाच आडनावाची माणसे एका रक्ताची असतीलच असे नाही, आणि वेगळ्या आडनावाची परकी असतीलच असेही नाही. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांकडून आजी-पणजीचे माहेर, घराण्याचे जुने नाव आणि मूळ गाव आजच विचारून लिहून ठेवा. बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद होताना आईचे नाव व माहेरचे आडनाव नीट तपासा. आपण आज जे लिहू, तेच उद्याच्या पिढीच्या हाती लागेल.