ताकदीचा जमाखर्च

दिवस संपला की किराणा दुकानदार रोजकीर्द लिहितो. पेरणी कोणत्या नक्षत्रावर झाली, बियाणे किती लागले आणि पोती किती उतरली, हे शेतकऱ्याच्या पक्के ध्यानात असते. गृहिणी दुधाचा खाडा कॅलेंडरवर न चुकता मांडते. मात्र ज्या शरीराच्या भरवशावर हा सारा संसार चालतो, त्याच्या ताकदीचा हिशेब ठेवणारा माणूस माझ्या दवाखान्यात क्वचितच येतो. वजन विचारले तर सांगतात, रक्तदाब विचारला तर सांगतात. पण 'हाताचा आधार न घेता खुर्चीतून सलग किती वेळा उठता येते?' असे विचारले की समोरचा गृहस्थ आपल्या पत्नीकडे पाहू लागतो!

वाचकहो, आज आपण चाळिशी-पन्नाशीनंतरचा ताकदीचा व्यायाम आणि त्याची वही यांविषयी बोलणार आहोत. चालणे हा उत्तम व्यायाम आहे, तो सोडू नका. पण चालण्याने मुख्यतः हृदय व फुप्फुसे यांना काम मिळते. दंड, खांदे, पाठ आणि मांड्या यांच्या स्नायूंना ताकद हवी असेल, तर त्यांना वजनाशी झुंजवावे लागते. ते वजन डंबेलचे असो, तांदळाच्या पिशवीचे असो किंवा जोर-बैठका काढताना स्वतःच्याच शरीराचे असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करण्यास सांगितले आहे. पासष्टीनंतर त्यात तोल सांभाळण्याच्या व्यायामाची भर घालावी, असेही म्हटले आहे.

घसारा

यंत्राची किंमत दरवर्षी थोडी कमी धरतात, त्याला हिशेबात घसारा म्हणतात. शरीरालाही घसारा आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वजन साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या वजनापेक्षाही लवकर उतरते. या अवस्थेला 'सार्कोपेनिया' हे नाव १९८९ साली अमेरिकेतील डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिले.

हा घसारा काट्यावर दिसत नाही, कारण स्नायू गेला त्या जागी चरबी येते आणि वजन तेवढेच राहते. आपल्याकडे तर ही फसगत जास्तच. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंची-वजनाच्या गणिताने, म्हणजे बॉडी मास इंडेक्सने, दोघेही सारखेच होते : २२.३. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबीदार, असा आपला भारतीय बांधा. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलून घेणारे मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते कोठारच लहान असेल तर मधुमेहाला वाट मोकळी होते.

आता चांगली बातमी. हा घसारा भरून काढता येतो आणि त्याला वयाची अट नाही. बोस्टन येथील डॉ. मारिया फिआटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांना त्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे जमते, तर पन्नाशीतल्या माणसाने 'आता कसला व्यायाम' म्हणण्याचे कारण उरत नाही.

वही कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातील डॉ. थॉमस डिलॉर्म जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. दहा वेळा जेमतेम उचलता येईल एवढे वजन शोधायचे आणि ताकद वाढेल तसे ते वाढवत न्यायचे, ही त्यांची पद्धत १९४५ साली प्रसिद्ध झाली. आजचा ताकदीचा व्यायाम बराचसा याच तत्त्वावर उभा आहे. आता वजन वाढवायचे तर मागच्या खेपेला किती उचलले होते हे ठाऊक हवे. पन्नाशीत चष्मा कुठे ठेवला हे आठवत नाही, तिथे मागच्या गुरुवारी तिसऱ्या सेटला किती बैठका झाल्या हे कुठून आठवणार? म्हणून वही. ती व्यायामाची सजावट नव्हे, व्यायामाचाच भाग आहे.

दुसरे कारण असे, की सुरुवातीची प्रगती आरशात दिसत नाही. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतांशी मेंदू व नसा स्नायूंना कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू भरायला त्यानंतर वेळ लागतो. माझ्याकडे येणाऱ्या ५१ वर्षांच्या एक शिक्षिका दीड महिन्याने म्हणाल्या, "डॉक्टर, किलोभरही वजन उतरले नाही. मी हे बंद करते." मी म्हटले, "बाई, वहीचे पहिले पान काढा." पहिल्या पानावर भिंतीला हात टेकून काढलेले आठ जोर होते. त्या आठवड्याच्या पानावर स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून काढलेले दहा. भिंतीपेक्षा ओट्यावर हातांवर कितीतरी अधिक भार येतो. काट्याने न दाखवलेली कमाई वहीने दाखवली. बाईंचा व्यायाम आजही चालू आहे.

वहीत काय लिहावे?

साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहिणे सोयीचे वाटत असेल तर तसे करा, मात्र एकच जागा ठरवा. एका दिवसाला पाच-सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका. लांबलचक वही महिन्याभरात बंद पडते. माझी स्वतःची वही याच बेताची आहे. तीत एवढेच असते :

१. तारीख व वेळ.

२. व्यायाम, वजन, सेट आणि प्रत्येक सेटला किती वेळा. उदाहरणार्थ : 'खुर्चीतून उठबस, पाठीवर ५ किलोची पिशवी, १२, ११, ९.' सरासरी काढू नका. शेवटच्या सेटचा आकडाच बरेच सांगतो.

३. शेवटी आणखी किती वेळा जमले असते. दोन-तीन वेळा जमले असते, तर व्यायाम योग्य झाला. एकदाही जमले नसते, तर आपण फार ताणले. आणखी दहा जमले असते, तर ती केवळ कवायत झाली.

४. शेरा : झोप किती, दुखले असल्यास नेमके कुठे, ताप, उपवास, प्रवास आणि घेतलेली औषधे.

रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा ते आकडेही त्याच पानावर मांडावेत. दर तीन महिन्यांनी एक चाचणी करावी. हात छातीशी घडी घालून, बिनहाताच्या खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि शेजारी कोणीतरी असावे. साठ ते चौसष्ट वयात पुरुषाला चौदापेक्षा किंवा स्त्रीला बारापेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी समजतात.

वाढ कशी करावी?

पाच व्यायाम पुरेत : खुर्चीतून उठबस, भिंतीवर किंवा ओट्यावर जोर, पिशवी वा डंबेल कमरेकडे ओढणे, डोक्यावर उचलणे आणि दोन्ही हातांत वजन घेऊन वीस-तीस पावले चालणे. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. व्यायामशाळेची पावती फाडलीच पाहिजे असे नाही. प्रत्येक व्यायामाचे दोन ते तीन सेट, सेटला आठ ते बारा वेळा. सर्व सेटना बारा वेळा, तेही लागोपाठ दोन दिवसांच्या नोंदीत जमले, की थोडे वजन वाढवावे. दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. वजन वाढवल्यावर आकडा आठ-नऊवर येईल, त्याने खट्टू होऊ नये. पुन्हा बारापर्यंत चढावे.

लग्नसराई, गणपती, घरातले आजारपण यांत खंड पडणारच. 'खाडा' असे स्पष्ट लिहावे आणि कारण लिहावे. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने कमावलेली ताकद फारशी जात नाही. परत सुरू करताना मात्र पहिले काही दिवस वजन निम्मे घ्यावे. दोन-तीन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, की खाडे दरवर्षी ठरावीक महिन्यांतच पडतात असे ध्यानात येते. मग त्या महिन्यांपुरता दहा मिनिटांचा लहान व्यायाम आधीच ठरवता येतो.

वही बोलते तेव्हा

गेल्या काही वर्षांतील एक उदाहरण सांगतो. एक निवृत्त कारकून, वय ५९. तीन वर्षांची वही नीट राखलेली. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वय झाले बहुतेक. पूर्वीइतके होत नाही." मी वही मागून घेतली. पाठीवर पाच किलो घेऊन उठबस : वर्षभर १५ चा आकडा ठाम. मग पाच आठवड्यांत १३, ११ आणि शेवटी ९. झोप नेहमीची, खाडा नाही. वय असे पाच आठवड्यांत उतरत नाही. ते वर्षावर्षांनी उतरते. शेऱ्याच्या रकान्यात मात्र दोन महिन्यांपासून आठवड्यातून चार-पाचदा एकच वाक्य होते : 'गुडघा दुखला, गोळी घेतली.'

शौचाचा रंग विचारला, तर अधूनमधून काळा असतो म्हणाले. हिमोग्लोबिन ८.६ निघाले. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून दुर्बिणीची तपासणी केली, तेव्हा जठरात व्रण सापडला. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी तो झाला होता आणि त्यातून थोडे थोडे रक्त झिरपत होते. वेळीच कळले. गोळ्या बंद झाल्या, उपचार झाले, रक्त भरून आले आणि चार महिन्यांनी वहीत पुन्हा १५ चा आकडा उमटला. हेच निदान वहीशिवायही झाले असते, पण कदाचित रक्ताची उलटी होऊन रात्री दवाखान्यात आणल्यावर.

यातून एक नियम लक्षात ठेवावा. एखाद्या दिवशी आकडा घसरला तर दुर्लक्ष करा. आठवडाभर घसरला तर झोप व जेवण तपासा. काहीही कारण नसताना तीन आठवडे सतत घसरत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पंडुरोग, थायरॉईड, अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार यांपैकी कशाचीही ती पहिली खूण असू शकते.

केव्हा थांबावे?

छातीत दाब किंवा कळ, डावा हात अथवा जबडा दुखणे, दरदरून घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर : यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तिथेच थांबवावा आणि थेट रुग्णालय गाठावे. वहीत लिहीत बसू नये! रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर आधी तो आटोक्यात आणावा. हृदयविकार, हर्निया किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि जवळ साखर ठेवावी. वजन उचलताना श्वास कोंडू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. उचलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा.

शेवटी एक महत्त्वाचे. दोन-तीन वर्षांनी असा काळ येतो की आकडे वाढेनासे होतात. तरुण मुलाला हे अपयश वाटेल. आपण मात्र घसाऱ्याची आठवण ठेवावी. ५० व्या वर्षी पाठीवर पाच किलो घेऊन पंधरा उठबशा होत होत्या आणि ५७ व्या वर्षीही तेवढ्याच होत आहेत, तर तो तोटा नव्हे आणि बरोबरीही नव्हे. सात वर्षांचा घसारा वजा जाता ती निव्वळ शिल्लक आहे. ही शिल्लक म्हातारपणी कामाला येते : संडासातून उठताना, एस.टी.ची पायरी चढताना, पाय घसरला तर स्वतःला सावरताना. दुसऱ्याच्या वहीशी आपली वही ताडून पाहू नये. आपली आजची ओळ आणि आपलीच मागच्या वर्षीची ओळ, एवढीच तुलना खरी.

वही आज आणा. पहिल्या पानावर आजची तारीख घाला आणि खुर्चीतून किती वेळा उठता येते तो आकडा, जो येईल तो, प्रामाणिकपणे लिहा. आकडा लहान असला तरी लाजू नका. आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय कोणतेच खाते उघडत नाही.

(पुढील आठवड्यात : स्नायूंसाठी प्रथिने. डाळ, दूध, अंडी आणि शेंगदाणे यांचा हिशेब.)