चाळीस गुणांची राखण : कमी खर्चात ‘कंट्रोल डेक’ बांधण्याचा पाठ

इयत्ता : ६ वी ते ८ वी
विषय : गणित (शक्यता, समीकरण), परिसर अभ्यास, कार्यानुभव
वेळ : ३ तासिका
साहित्य : जुन्या लग्नपत्रिका, स्केचपेन, कात्री, चिंचोके



सध्या मुलांच्या दप्तरात पत्ते असतात. आपले बदाम-इस्पिकचे नव्हे, तर चित्रांचे, ताकदीचे आकडे असलेले, एकमेकांत अदलाबदल करायचे. पोकेमॉनचे, कुस्तीवीरांचे, क्रिकेटपटूंचे. बहुतेक शाळांत त्यावर एकच उपाय होतो, पत्ते जप्त करायचे. पण या खेळांच्या पोटात चांगलं गणित आहे, ते जप्त करून हाती येत नाही. म्हणून हा पाठ.

आधी पाकिटाचा हिशोब

पाकीट बंद असतं. आत कोणता पत्ता निघेल ते विकत घेणाऱ्याला माहीत नसतं. समजा एका मालिकेत ५० वेगवेगळे पत्ते आहेत आणि प्रत्येक पत्ता निघण्याची शक्यता सारखी आहे. पूर्ण मालिका जमवायला सरासरी किती पत्ते घ्यावे लागतील? मुलं म्हणतात पन्नास, फार तर सत्तर. खरं उत्तर आहे सुमारे २२५.

कसं? पहिला पत्ता नवाच असतो. पण ४९ जमल्यावर उरलेला एकच पत्ता निघण्याची शक्यता ५० त १ असते, म्हणजे त्या एकट्यासाठी सरासरी ५० पत्ते घ्यावे लागतात. अर्धी मालिका साधारण ३४ पत्त्यांत जमते, उरलेल्या अर्धीला सुमारे १९० लागतात. पाच पत्त्यांचं पाकीट १० रुपयांना धरलं, तर ४५ पाकिटांचे ४५० रुपये झाले. त्यात काही पत्ते मुद्दाम कमी छापलेले असतील तर हिशोब आणखी फुगतो.

शेतमजुरीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम छोटी नाही. आणि वर्गात खरा त्रास इथेच होतो. ज्याच्याकडे पाकिटांना पैसे आहेत त्याच्याकडे ‘भारी’ पत्ते, तोच जिंकतो. बाकीचे बघत राहतात. हरलेल्याला वाटतं आपण खेळात कमी आहोत, प्रत्यक्षात तो फक्त खिशात कमी असतो. हा फरक मुलाला वेळेवर कळणं फार गरजेचं आहे.

कंट्रोल डेक म्हणजे काय?

या प्रकारच्या खेळांची सुरुवात १९९३ साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने झाली. तो बनवणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणितज्ञ. नियमित प्रकारात संच किमान ६० पत्त्यांचा असतो, मूलभूत जमिनीचे पत्ते सोडले तर एकच पत्ता चारपेक्षा जास्त वेळा ठेवता येत नाही, आणि प्रत्येक खेळाडू २० प्राणगुणांनी सुरुवात करतो.

संच बांधायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक आक्रमक, म्हणजे पहिल्या डावापासून मारत सुटायचं. दुसरी रोखणारी, म्हणजेच कंट्रोल. समोरच्याचा डाव अडवायचा, नुकसान कमी ठेवायचं, हातात पत्ते वाढवायचे आणि शेवटपर्यंत टिकायचं. पहिल्याच संचातला ‘काउंटरस्पेल’ हा पत्ता त्याचं सोपं उदाहरण. त्याने स्वतः कुणाला मार बसत नाही, तो फक्त समोरच्याने टाकलेला मंत्र रद्द करतो.

याच खेळात ‘पॉपर’ नावाचा प्रकार आहे. त्यात फक्त ‘सामान्य’ दर्जाचे म्हणून छापलेले पत्ते चालतात, दुर्मिळ पत्ते बाद. म्हणजे खर्चाला मर्यादा घातली की खेळ संपत नाही, उलट निवडीला किंमत येते. आपल्या पाठाचा गाभा हाच आहे.

रोखणं म्हणजे काय हे जुन्नर-आंबेगावच्या मुलांना शिकवावं लागत नाही. त्यांच्या घरात वर्षभर तेच चालू असतं. त्याला आपण राखण म्हणतो.

खेळ : ‘राखण’

एक खेळाडू शेतकरी, दुसरा संकटं उघडणारा. नंतर अदलाबदल. शेजाऱ्याच्या शेतावर संकट सोडायचं, हे आपल्याला नको. म्हणून संकटांचा संच सगळ्या वर्गाला एकच आणि उघड माहीत असलेला. प्रत्येकाने बांधायचा तो फक्त राखणीचा संच.

संकटांचा संच (२० पत्ते) :
- करपा : ५ पत्ते, नुकसान प्रत्येकी २
- अवकाळी पाऊस : ४ पत्ते, नुकसान ३
- भाव पडला : ४ पत्ते, नुकसान ३
- बिबट्या शेळी नेतो : ४ पत्ते, नुकसान २
- मोटार जळाली : ३ पत्ते, नुकसान १

राखणीचे पत्ते :
- फवारणी : करपा अडवते. १ गुण, १ मजूर
- शेजाऱ्याचं पाणी : मोटार जळाल्याचं नुकसान टाळतं. १ गुण, १ मजूर
- बंदिस्त गोठा : बिबट्या अडवतो. २ गुण, १ मजूर
- ताडपत्री : अवकाळी अडवते. २ गुण, २ मजूर
- गावबैठक : दोन जादा पत्ते ओढा. २ गुण, २ मजूर
- इर्जिक : कोणतंही एक संकट अडवते. ४ गुण, २ मजूर
- कांदाचाळ : एकदा बांधली की शेवटपर्यंत राहते, ‘भाव पडला’ दर वेळी अडवते. ४ गुण, ३ मजूर

बांधणीचा नियम : बरोबर २० पत्ते, एक पत्ता जास्तीत जास्त ४ वेळा, एकूण खर्च ४० गुणांच्या आत.

खेळायचा नियम : शेतकऱ्याकडे १२ चिंचोके, हे त्याचं पीक. हातात ५ पत्ते. एका डावाला आपण ‘आवर्तन’ म्हणू. कुकडीच्या कालव्याला आवर्तन कधी सुटणार, ही चर्चा मुलांनी घरी ऐकलेलीच असते. पहिल्या आवर्तनात १ मजूर मिळतो, दुसऱ्यात २, तिसऱ्यापासून दर वेळी ३. उरलेले मजूर पुढे नेता येत नाहीत.

प्रत्येक आवर्तनात क्रम असा : एक पत्ता ओढा. हवं तर चाळ बांधा किंवा गावबैठक घ्या. मग संकट उघडेल. उरलेल्या मजुरांत ते अडवता आलं तर अडवा, नाहीतर तेवढे चिंचोके द्या. वापरलेला पत्ता बाजूला जातो, चाळ तेवढी समोर राहते. दहा आवर्तनांनंतर एक जरी चिंचोका उरला तरी हंगाम वाचला.

तासिका १ : मोजणी

पत्ते रंगवण्याआधी फळ्यावर एकच बेरीज घ्या. प्रत्येक संकटाचं एकूण नुकसान किती? अवकाळी १२, भाव १२, करपा १०, बिबट्या ८, मोटार ३. एकूण ४५. वीसपैकी दहाच संकटं उघडणार, म्हणजे काहीच न अडवता सरासरी २२.५ नुकसान. आपल्याकडे चिंचोके १२. म्हणजे साधारण अर्ध्याच्या आसपास अडवावंच लागेल.

आता विचारा, ‘सगळं अडवायचं का?’ मोटार जळाली तर एकच चिंचोका जातो. त्यासाठी इर्जिक खर्च केली आणि पुढच्या आवर्तनात अवकाळी आला, तर तीन गेले. रोखणाऱ्या खेळाचं मर्म हेच. छोटं नुकसान सोसायचं, मोठ्यासाठी उपाय राखून ठेवायचा. हे वाक्य तुम्ही सांगू नका. दोन-तीन डाव खेळल्यावर मुलंच सांगतात.

तासिका २ : चाळीस गुणांचं समीकरण

सगळ्यांनाच इर्जिक आणि कांदाचाळ हवी असते. घेऊ द्या. मग गुण मोजायला लावा.

एक गुणाचे पत्ते x, दोन गुणांचे y, चार गुणांचे z मानू.
x + y + z = २०
x + २y + ४z = ४०
पहिल्या समीकरणाची दुप्पट दुसऱ्यातून वजा केली की २z − x = ०, म्हणजे x = २z.

अर्थ साधा आहे. सगळे ४० गुण वापरायचे तर प्रत्येक महाग पत्त्यामागे दोन एक-गुणी पत्ते घ्यावे लागतात. एक-गुणी पत्ते दोनच प्रकारचे, प्रत्येकी जास्तीत जास्त चार, म्हणजे आठ. म्हणून महाग पत्ते चाराच्या वर जाऊच शकत नाहीत. सहावीच्या मुलांना अक्षरं नकोत, चिंचोके मांडूनही हे दाखवता येतं.

नमुना म्हणून हा संच पाहा :
फवारणी ४ (४ गुण), शेजाऱ्याचं पाणी २ (२), बंदिस्त गोठा ४ (८), ताडपत्री ४ (८), गावबैठक ३ (६), इर्जिक २ (८), कांदाचाळ १ (४). पत्ते २०, गुण ४०. महाग तीन, एक-गुणी सहा, ताळा जुळला.

हा संच वर्गाला आधी दाखवू नका. आधी त्यांचे संच होऊ द्यात, मग तुलना करा.

तासिका ३ : हातात येईल का?

संचात पत्ता असणं आणि वेळेला हातात असणं वेगळं. पहिल्या आवर्तनात एकूण ६ पत्ते पाहायला मिळतात. त्यात हवा तो पत्ता असण्याची शक्यता :
१ प्रत ठेवली तर १०० त ३०
२ प्रती : सुमारे ५२
३ प्रती : सुमारे ६८
४ प्रती : सुमारे ७९

प्रती दुप्पट केल्या म्हणून शक्यता दुप्पट होत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. चार प्रती ठेवूनही पाचातून साधारण एकदा हात रिकामाच. म्हणून गावबैठक लागते. ती काही अडवत नाही, पण अडवणारे पत्ते हातात आणते.

आता खरा प्रश्न. तिसरं आवर्तन आहे, मजूर ३. हातात चाळ, ताडपत्री, फवारणी. आधी एक करपा आणि एक बिबट्या येऊन गेलाय. चाळ बांधली तर सगळे मजूर संपतात, पाऊस किंवा करपा आला तर बघत बसायचं. बांधावी का?

उरलेल्या १८ संकटांत अवकाळी ४, करपा ४, भाव ४. चाळ बांधल्याने या आवर्तनातला सरासरी तोटा (४×३ + ४×२) ÷ १८, म्हणजे सुमारे १.१. पण चाळ हे आवर्तन धरून आठ आवर्तनं कामाला येते. दर वेळी सरासरी बचत ४×३ ÷ १८, म्हणजे ०.६७, आणि आठ वेळा मिळून सुमारे ५.३. बांधावी. हीच चाळ दहाव्या आवर्तनात बांधणं मात्र पावसाळा संपताना छत्री घेण्यासारखं. थोडं सोसून आधी गुंतवणूक करायची की नाही, याचं उत्तर ‘किती दिवस उरलेत’ यावर ठरतं. घरात कर्ज काढून चाळ बांधायची चर्चा होते तेव्हा मोठी माणसं हाच हिशोब करत असतात.

पुढची पायरी

नारायणगावचा टोमॅटो बाजार जवळ असल्याने कुणीतरी नक्की विचारेल, ‘सर, टोमॅटोला चाळ कशी चालेल?’ चालत नाहीच. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने थांबतो, टोमॅटो थांबत नाही. मग ‘भाव पडला’चे दोन पत्ते कांद्याचे आणि दोन टोमॅटोचे करा, चाळ फक्त कांद्याला. टोमॅटोसाठी उरते इर्जिक, म्हणजे चार घरांनी मिळून एकच गाडी भरून माल लांबच्या बाजारात पाठवायचा. संच पुन्हा बांधावा लागतो आणि मुलं आनंदाने बांधतात.

पश्चिम पट्ट्यातल्या, भीमाशंकरच्या बाजूच्या शाळांनी कांदा-टोमॅटो सोडून भात आणि हिरडा घ्यावा. पत्ते गावाचे असले तरच खेळ मुलांचा होतो.

दोन गोष्टी सांभाळा

बिबट्याच्या पत्त्यावर फक्त शेळी ठेवली आहे, ती विचार करूनच. आपल्या भागात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. वर्गात अशा घरातलं मूल असेल तर तो पत्ता काढून ‘रानडुकरं शेतात’ असा करा. तसंच ३० जुलै २०१४ ची माळीणची दरड हा पत्ता होऊ शकत नाही. जे अडवता येत नव्हतं आणि ज्यात माणसं गेली, त्याला गुण लावायचे नसतात.

पालकांसाठी

मुलाकडे विकतचे पत्ते असतील तर फेकू नका. दोघांनी बसून प्रत्येक पत्त्याला १, २ किंवा ४ गुण ठरवा आणि २० पत्ते, ४० गुण हा नियम लावा. भारी पत्ते ज्याच्याकडे ढीगभर आहेत त्यालाही मग चाळीसच गुण मिळतात. सारख्या मर्यादेत दोन मुलं समोरासमोर बसली की जिंकणारा बदलतो, हे स्वतः बघा.

मूल्यमापन आणि गृहपाठ

१) स्वतःचा संच लिहा. प्रत्येक पत्त्याच्या प्रती तेवढ्याच का ठेवल्या, ते एका वाक्यात सांगा.
२) हरलेल्या एका डावात कोणता उपाय चुकीच्या संकटावर खर्च झाला?
३) घरी आजी-आजोबांना किंवा आई-वडिलांना विचारा : गेल्या वर्षी शेतात किंवा कामावर कोणतं संकट आलं, कसं अडवलं, काय खर्च आला? त्यावरून एक नवा पत्ता बनवा आणि त्याचे गुण स्वतः ठरवा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वेगळ्या वहीत जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाचा संच त्यातूनच तयार होईल.