सागरतळाचे गोटे आणि आपण

(बी. ए. द्वितीय वर्ष, भूगोल)

वार्षिक अंकासाठी विषय निवडताना मी 'सागरतळावरील जीवसृष्टी' असे लिहून दिले, तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. त्यांचे हसणे रास्तच होते. माझे गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. आमच्या भागात उन्हाळ्यात पाणी टँकरने येते, आणि मी निघाले समुद्राविषयी लिहायला! आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी भूगोल विभागाच्या सहलीत गोव्याला गेले, तोवर समुद्र मी फक्त नकाशावरच्या निळ्या रंगात पाहिला होता.

दोनापावला येथे सरांनी दुरून एक इमारत दाखवली आणि म्हणाले, "ही राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. १९६६ साली स्थापन झाली. समुद्राच्या तळाशी काय आहे याचा भारतातला पुष्कळसा हिशेब इथेच मांडला गेला." परत आल्यावर ग्रंथालयात बसून तो हिशेब मी माझ्या कुवतीप्रमाणे वाचून काढला. त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवते. चुकले-माकले तर गुरुजनांनी सांभाळून घ्यावे.

अंधाराचा प्रदेश

समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. सूर्यप्रकाश २०० मीटरच्या खाली फारच क्षीण होतो आणि १,००० मीटरनंतर पूर्ण अंधार असतो. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. अशी तीन कळसूबाई एकावर एक रचून ५,००० मीटर खोल पाण्यात ठेवली, तर वरच्या शिखराचा शेंडाही बुडालेलाच राहील. तिथे पाणी दोन अंशांच्या आसपास थंड असते. दाबाचे म्हणाल, तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे पाच क्विंटल वजन ठेवल्यासारखे होते.

अशा ठिकाणी जीव कसा राहील? एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४३ च्या सुमारास हेच म्हटले होते. साधारण ५५० मीटरच्या खाली जीवन नसावे, असे त्याचे अनुमान होते. पुढे 'चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाची सफर केली, तळावर जाळी टाकून चिखल उपसला, आणि फोर्ब्जचे अनुमान कायमचे मोडीत निघाले. हजारो नव्या जाती त्या सफरीत सापडल्या. त्याच जाळ्यांतून बटाट्याएवढे काळे गोटेही वर आले. या लेखाचे सूत्र हेच गोटे आहेत.

तळावरचे जीव खातात काय? वरच्या उजेडाच्या थरात जे जगते आणि मरते, त्याचे कण हळूहळू खाली उतरत राहतात. शास्त्रज्ञ याला सागरी हिम म्हणतात. मला मात्र जिनिंगचे आवार आठवले. तिथे कापसाची बारीक धूळ दिवसभर खाली बसत असते, तसेच हे. पण अन्नाचा फारच थोडा अंश तळापर्यंत पोचतो. त्यामुळे तिथले सारे जीवन काटकसरीचे असते. वाढ संथ, हालचाल संथ, पिल्ले थोडी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या संसाराची ओळख असलेल्याला हे समजावून सांगायला नको.

गोटा म्हणजे दगड नव्हे, घर

या गोट्यांत मँगॅनीज आणि लोह पुष्कळ असते, शिवाय निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. शार्क माशाचा जुना दात किंवा शंखाचा तुकडा अशा एखाद्या कणाभोवती पाण्यातले धातू थरावर थर बसत जातात. वाढीचा वेग दर दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतकाच! मुठीत मावणारा गोटा तयार व्हायला मनुष्यजातीच्या साऱ्या इतिहासाहून कितीतरी अधिक काळ लागतो.

खोल तळ म्हणजे मैलोगणती मऊ चिखल. त्यात सूक्ष्म कृमी आणि किडे राहतात, वरून समुद्रकाकड्या चरत जातात. परंतु स्पंज, समुद्रफुले, प्रवाळांचे खोल पाण्यातले भाईबंद यांना पाय रोवायला टणक जागा लागते, आणि त्या अफाट चिखलात टणक जागा म्हणजे हे गोटेच. पॅसिफिक महासागरात पेरूच्या बाजूला चार हजार मीटरहून अधिक खोलीवर शास्त्रज्ञांना एक फिकट रंगाचा अष्टपाद आढळला. हे निरीक्षण २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्याची मादी मेलेल्या स्पंजाच्या देठावर अंडी घालते व ती राखत बसते. तो देठ गोट्यावर उगवलेला असतो. म्हणजे गोटा गेला की स्पंज गेला, स्पंज गेला की अंडी घालायची जागा गेली. साखळीची एक कडी काढली की पुढच्या कड्या आपोआप गळतात.

भारताचा वाटा

२६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या भारतीय संशोधन जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून पहिले गोटे वर काढले. पुढे हिंदी महासागराच्या मध्य खोऱ्याची पाहणी झाली. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेखाली भारताची 'अग्रणी गुंतवणूकदार' म्हणून नोंद झाली आणि दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र मिळाले. त्यातले निम्मे परत देऊन ७५,००० चौरस किलोमीटर भारताकडे राहिले. हे क्षेत्र कन्याकुमारीच्या दक्षिणेला सुमारे दोन हजार किलोमीटरवर असून आपल्या सबंध मराठवाड्यापेक्षा मोठे आहे. तिथे ३८ कोटी टन गोटे असावेत असा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी २५ मार्च २००२ रोजी संशोधनाचा करार झाला. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या 'खोल महासागर मोहिमे'ला मंजुरी दिली. त्याच वर्षी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 'वराह' नावाचे यंत्र ५,२७० मीटर खोल तळावर चालवून पाहिले.

हे सारे अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. भारताला कोबाल्ट परदेशातूनच आणावे लागते. मोबाईलपासून विजेच्या मोटारीपर्यंत अनेक विद्युतघटांत ते लागते. जमिनीवरच्या खाणींनीही जंगले आणि माणसे उद्ध्वस्त होतात, म्हणून माणूस राहत नाही तिथून धातू काढलेला बरा, असा युक्तिवाद केला जातो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

नांगर एकदा, व्रण किती वर्षे?

प्रश्न असा की, गोटे उचलल्यावर तळाचे काय होते? याचे उत्तर कल्पनेने द्यायची गरज नाही, कारण तसे प्रयोग झाले आहेत.

१९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूच्या खोऱ्यात सुमारे चार हजार मीटर खोलीवर, जवळपास ११ चौरस किलोमीटर वर्तुळाकार क्षेत्रात ७८ वेळा नांगरासारखे अवजार ओढले. २०१५ साली, म्हणजे २६ वर्षांनी, ते परत गेले. तास तसेच होते, जणू कालच औत फिरले! तासांत सूक्ष्म जीवांचे काम मंदावलेले होते आणि टणक जागेला चिकटून राहणारे प्राणी फारसे परतले नव्हते.

भारतानेही स्वतःचा प्रयोग केला, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. १९९७ साली गोव्याच्या संस्थेच्या पुढाकाराने हिंदी महासागराच्या मध्य खोऱ्यात ३,००० मीटर लांब व २०० मीटर रुंद पट्ट्यात चिखल ढवळणारे यंत्र २६ वेळा ओढण्यात आले. गोटे काढणे हा हेतू नव्हता. उठलेला गाळ कुठवर पसरतो व जीवांवर काय परिणाम होतो, हे पाहायचे होते. चिखलातले जीव घटले. पुढच्या काही वर्षांत परत जाऊन नमुने घेतले, तेव्हा तळ सावरू लागल्याची चिन्हे दिसली, परंतु सगळे घटक सारख्या वेगाने सावरत नव्हते. शिवाय हा पट्टा अगदी लहान होता. खरी खाण शेकडो चौरस किलोमीटर व्यापील. उठलेला गाळ खाण नसलेल्या भागावरही बसेल आणि गाळून अन्न खाणाऱ्या प्राण्यांना गुदमरवील.

आणखी एक उदाहरण आपल्याच महासागरातले. तळाला भेगा पडून जिथे उकळते खनिजयुक्त पाणी बाहेर येते, तिथे एक गोगलगाय राहते. तिच्या पायावर लोहयुक्त खवल्यांचे चिलखत असते. २००१ साली ती जगाला माहीत झाली आणि २०१९ साली संकटग्रस्त जातींच्या लाल यादीत गेली. सागरतळाच्या खाणकामाच्या धोक्यामुळे यादीत गेलेली ही पहिली जात. ओळख होऊन वीस वर्षेही झाली नव्हती!

मामांचे म्हणणे

हे वाचत असताना मला वारंवार गोदावरी आठवत होती. शहागडच्या पुलाखालून ती वाहते, आणि माझे आजोळ नदीकाठी आहे. लहानपणी मामा आम्हाला नदीत न्यायचे, तेव्हा वाळूत हातभर खड्डा केला की स्वच्छ पाणी झिरपायचे, ओल्या वाळूत शिंपले हलायचे. पुढे रात्री-अपरात्री वाळूच्या गाड्या सुरू झाल्या. आता नदीत जागोजाग खोल खड्डे आहेत, वाळूऐवजी काळी माती उघडी पडली आहे, आणि काठच्या विहिरी डिसेंबरातच तळ गाठतात.

दिवाळीत मी मामांना सागरतळाच्या गोट्यांविषयी सांगितले. ते शिकलेले नाहीत. ऐकून घेतले आणि म्हणाले, "अगं बाई, वाळू नेणारा बी हेच म्हणायचा. नदीत कोण ऱ्हातंय, म्हणायचा. ऱ्हाणारे दिसत नव्हते, एवढंच."

या वाक्यापुढे मला माझी सारी टिपणे अपुरी वाटली. नदीचे खड्डे निदान काठावरून दिसतात, मामा ते बोट दाखवून सांगू शकतात. पाच हजार मीटर खाली बोट दाखवणारा कोण आहे? वाळू एखाद्या मोठ्या पुराने थोडीफार परत येईल. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढणारा गोटा कोणत्या पुराने परत येणार?

समारोप

१९६७ साली माल्टा देशाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत विचार मांडला की, देशांच्या हद्दीपलीकडचा सागरतळ ही साऱ्या मानवजातीची सामाईक ठेव मानावी. १९८२ च्या सागरी कायद्यात ते तत्त्व आले. आमच्याकडे गायरान हा शब्द आहे. गायरान सर्वांचे, म्हणून कोणीही ओरबाडावे, असा त्याचा अर्थ नव्हता. ते सर्वांचे, म्हणून सर्वांनी राखावे, असा होता. तीसहून अधिक देशांनी, पुरेसे ज्ञान हाती येईपर्यंत सागरतळाचे खाणकाम थांबवावे किंवा लांबणीवर टाकावे, अशी भूमिका घेतली आहे.

भारताने संशोधन सोडावे, असे मी म्हणत नाही. उलट १९९७ च्या प्रयोगासारखे प्रयोग अधिक व्हावेत, आणि त्या पट्ट्याकडे वर्षानुवर्षे परत परत जाऊन पाहावे. काही क्षेत्रे कायमची अस्पर्श ठेवावीत. कोबाल्ट न लागणारे लोह-फॉस्फेटचे विद्युतघट आजच वापरात आहेत. म्हणजे माणसाची गरज दहा-वीस वर्षांत बदलू शकते. सागरतळाचा व्रण तितक्या वर्षांत भरत नाही, हे आपण पाहिले. ज्याचे नुकसान भरून येत नाही, तिथे घाई करू नये, एवढे सांगायला समुद्रशास्त्राची पदवी लागत नाही.

मी समुद्र एकदाच पाहिला आहे. त्याचा तळ मला दिसणार नाही, बहुधा वाचकांपैकीही कोणाला दिसणार नाही. पण मामांच्या नदीत राहणारे दिसले नाहीत, म्हणून ते नव्हते असे झाले नाही. ही चूक आमच्या गंगथडीने केली आहे आणि तिचे मोल ती विहिरीच्या तळाशी मोजते आहे. तीच चूक मराठवाड्याहून मोठ्या सागरतळावर आपल्या देशाच्या नावाने होऊ नये, एवढेच मागणे.