चाळिशी उलटलेला गडी

१

मंडळी, खडकवासल्याच्या धरणावर आपण नेहमी जातो. रविवारी तिथे शहराची माणसे फिरायला येतात. भाजलेली कणसे खातात, पाण्याकडे बघत उभी राहतात. पाणी कसे जमते ते मात्र आपल्याला ठाऊक. ते एका दिवसात येत नाही. आषाढ-श्रावणात डोंगरावर थेंब थेंब पडतो. त्याचे ओहोळ होतात, ओहोळ मुठेला मिळतात, तेव्हा धरण भरते. मग वैशाखात पुण्याचे नळ त्याच पाण्यावर चालतात. पाणी साचते एका वेळी, आणि कामी येते दुसऱ्या वेळी.

माणसाच्या मेहनतीचेही असेच आहे.

आपल्या रात्रीच्या वर्गात कुणी तरी म्हणतेच, "मास्तर, आता या वयात कशाला गिरवायचं? बोटं ताठली आमची. हे काम पोरांचं."

असे म्हणणाऱ्यांनी आजचा धडा नीट वाचावा. हा धडा मुंबईच्या एका खेळाडूचा आहे. त्याचे नाव प्रवीण तांबे.

२

तांबे यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९७१ चा. लहानपणापासून क्रिकेटचे वेड. मुंबईच्या रणजी संघातून खेळावे, ही एकच इच्छा. पण मुंबईत चांगले खेळाडू उदंड, आणि संघात जागा अकरा. तांब्यांना जागा मिळेना. एक वर्ष गेले, दहा गेली, वीस गेली.

मग ते काय करीत होते? पोटासाठी नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात खेळत. मुंबईत कंपन्यांचे संघ असतात, क्लबांचे संघ असतात. पावसाळ्यात कांगा लीग नावाची स्पर्धा असते. ती १९४८ सालापासून चालू आहे. ओल्या मैदानावर, चिखलात ती खेळतात. तिथे ना मोठा पैसा, ना मोठे नाव. तांबे तिथे खेळत राहिले.

आधी ते मध्यमगती चेंडू टाकत. कंपनीच्या संघाचा कप्तान त्यांना म्हणाला, लेगस्पिन टाकून पाहा. लेगस्पिन म्हणजे काय? चेंडू सोडताना मनगट वळवायचे. मग टप्पा पडल्यावर चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायाकडून बाहेरच्या बाजूला वळतो. ऐकायला सोपे, करायला फार कठीण. मनगट तयार व्हायला वर्षे लागतात. आधी पुष्कळ चेंडू भलतीकडेच पडतात, आणि लोक हसतात.

वाढत्या वयात नवी विद्या! तांबे लाजले नाहीत. त्यांनी ती धरली आणि सोडली नाही.

३

आता थोडे लिलावाबद्दल समजून घेऊ.

२००८ सालापासून आपल्या देशात आयपीएल नावाची स्पर्धा होते. तिचे संघ मालकांचे असतात. मालक लिलावात बोली लावून खेळाडू घेतात. लिलाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बैलबाजार येतो. पण इथे माणूस विकला जात नाही. विकले जाते ते त्याचे हंगामाचे काम. ऊसतोडीला जाणारी टोळी मुकादमाशी बोली करते. हंगाम संपला की टोळी मोकळी. तसेच हे. फरक एवढाच की इथली रक्कम मोठी असते. पण जीवाला घोर तोच. पुढच्या हंगामात कुणी बोलावील का? गुडघा दुखला तर काय? वय झाले तर कोण विचारील?

२०१३ साली राजस्थान रॉयल्स या संघाने तांब्यांना घेतले. राहुल द्रविड कप्तान होते. ७ मे २०१३ रोजी जयपूरला तांबे पहिला सामना खेळले. वय किती? एक्केचाळीस! त्या वयात पुष्कळ खेळाडू खेळ सोडून दुकान घालतात. आयपीएलमध्ये इतक्या उशिरा कुणी पदार्पण केले नव्हते. आणखी एक नवल ऐका. त्याआधी तांबे रणजीचा एकही सामना खेळले नव्हते.

त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग ही स्पर्धा झाली. तांब्यांनी पाच सामन्यांत बारा गडी बाद केले. सर्वांत जास्त बळींचे बक्षीस त्यांना मिळाले. मग मुंबईलाही आठवण झाली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तांबे मुंबईच्या रणजी संघातून खेळले. लहानपणीची इच्छा पुरी झाली.

४

५ मे २०१४ चा दिवस. अहमदाबादला राजस्थान आणि कोलकाता यांचा सामना होता. कोलकात्याला जिंकायला १७१ धावा हव्या होत्या. त्यांच्या १२१ धावा झाल्या होत्या, आणि एकही गडी बाद नव्हता. राजस्थानचे लोक मनातून हरले होते.

तेवढ्यात शेन वॉटसन याने एका षटकात तीन गडी बाद केले. पुढचे षटक तांब्यांचे. पहिला चेंडू फार बाहेर पडला, तो वाइड ठरला. पण मनीष पांडे पुढे सरसावला होता. यष्टिरक्षकाने चेंडू धरून यष्ट्या उडवल्या. पांडे बाद! पुढच्या चेंडूवर युसूफ पठाण. तांब्यांनी स्वतःच झेल घेतला. त्याच्या पुढच्या चेंडूवर रायन टेन डोशाटे पायचीत. वाइड चेंडू षटकात मोजत नाहीत. म्हणजे मोजणीतल्या दोनच चेंडूंत तीन गडी गेले! १२१ ला शून्य होते, ते १२३ ला सहा झाले. राजस्थानने सामना दहा धावांनी जिंकला.

लोक म्हणाले, नशीब उघडले. मंडळी, खरे सांगा, हे नशीब का? ते षटक दोन-चार मिनिटांचे. त्याच्यामागे वीस वर्षांची चिखलातली मैदाने होती. धरण आधीच भरलेले होते. दार तेवढे त्या दिवशी उघडले.

५

पण गोष्ट इथेच गोड करून थांबवणे बरे नव्हे. फिरत्या गड्याचे आयुष्य सरळ नसते.

राजस्थान संघावर २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे बंदी आली. दोष तांब्यांचा नव्हता, पण संघ बंद म्हणजे गडी मोकळा. २०१६ साली ते गुजरात लायन्सकडून खेळले. २०१७ साली हैदराबादच्या संघात होते, पण एकही सामना मिळाला नाही. बाकावर बसून हंगाम गेला. आयपीएलमध्ये त्यांचे एकूण तेहतीस सामने झाले आणि अठ्ठावीस बळी.

२०१८ साली ते शारजाला टी-टेन नावाच्या परदेशी स्पर्धेत खेळले. डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकात्याच्या संघाने त्यांना वीस लाख रुपयांना घेतले. वय अठ्ठेचाळीस! सगळ्यांना आनंद झाला. पण भारतीय क्रिकेट मंडळाचा नियम आडवा आला. इथे खेळणाऱ्याने तसल्या परदेशी स्पर्धेत खेळायचे नाही, असा तो नियम. तांब्यांना खेळता आले नाही. वीस लाखांची संधी गेली.

यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. नियम कागदावर असतो. करारही कागदावर असतो. उचल घेताना, कर्ज काढताना, जमीन देताना आपण काय करतो? दुसऱ्याने सांगितले म्हणून अंगठा उठवतो. मंडळी, आता अक्षरे येतात ना? मग प्रत्येक ओळ वाचा. समजली नाही तर विचारा. मगच सही करा. एका ओळीने सारा हंगाम हातचा जातो.

तांबे मात्र खचले नाहीत. २०२० साली ते सातासमुद्रापार वेस्ट इंडीजला गेले. तिथल्या कॅरिबियन लीगमध्ये त्रिनबागो नाइट रायडर्स संघातून खेळले. त्या स्पर्धेत खेळलेले ते पहिले भारतीय. त्यांचा संघ सगळे बारा सामने जिंकून अजिंक्य ठरला. पुढे कोलकात्याच्या संघाने त्यांना शिकवणाऱ्या मंडळींत घेतले. २०२२ साली त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट निघाला. त्यात तांब्यांचे काम श्रेयस तळपदे यांनी केले.

६

सगळ्यांनाच असा दिवस येतो का? नाही. मुंबईच्या मैदानांवर कितीतरी जण वर्षानुवर्षे खेळतात. त्यांचे नाव कुणी छापत नाही. तेही मनापासून खेळतात. दिवस येईलच, असे वचन कुणी देऊ शकत नाही. पण दिवस आला आणि हात तयार नसला, तर तो आला तसा निघून जातो. तयारी तेवढी आपल्या हातात.

म्हणून "वय झालं" असे म्हणू नका. पाटी घ्या. आज एक ओळ, उद्या दोन.

कठीण शब्द

पदार्पण – पहिल्यांदा उतरणे.
यष्टिरक्षक – यष्ट्यांमागे उभा राहून चेंडू धरणारा.
करार – दोघांनी कागदावर मान्य केलेली बोली.
अजिंक्य – ज्याला कुणी हरवले नाही असा.

अभ्यास

१. तांबे १९७१ साली जन्मले. २०१३ मधून १९७१ वजा करा. बेचाळीस येतात. मग पहिल्या सामन्याच्या दिवशी त्यांचे वय एक्केचाळीस कसे? जन्माचा महिना आणि सामन्याचा महिना पाहून उत्तर द्या.
२. तांब्यांची वीस लाखांची संधी का गेली? दोन ओळी लिहा.
३. घरातला एखादा कागद आणा. पावती चालेल, सातबारा चालेल. वर्गात सर्वांना वाचून दाखवा.