रस्ताच झाला रंगमंच

(नाटक हे केवळ करमणुकीचे साधन नाही. आपले दुःख, आपली भीती आणि आपली मागणी चारचौघांत मांडण्याचेही ते साधन आहे. शहरातील एका वस्तीतून ज्वलनशील वायूचा मोठा नळ जाणार होता. तेथील रहिवाशांनी व त्यांच्या साथीदारांनी आपला विरोध एका मूक नाट्यातून कसा व्यक्त केला, त्याची हकिकत या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, नाटक म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मोठे नाट्यगृह, मखमली पडदा, तिसरी घंटा, रंगीत दिवे आणि तिकिटे काढून बसलेले प्रेक्षक. पण यांपैकी काहीही नसताना नाटक होऊ शकते का? होय, होऊ शकते. चार माणसे चौकात येतात. एकजण डफ वाजवतो. येणारेजाणारे थांबतात, भोवती कडे करतात आणि नाटक सुरू होते. यालाच पथनाट्य म्हणतात. तुम्ही घरी बोलताना त्याला ‘नुक्कड नाटक’ म्हणत असाल.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे गावोगाव होत असत. त्यांतून अन्यायाविरुद्ध आवाज उठवला जाई. १९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढले. कामगारांच्या वस्त्या, गिरण्यांची फाटके आणि मैदाने हेच त्यांचे रंगमंच होते. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. ते बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजाने हजारो माणसे भारावून जात.

पथनाट्य करणे नेहमीच सोपे नसते. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळ साहिबाबाद येथील झंडापूर वस्तीत ‘जन नाट्य मंच’ या संस्थेचे पथनाट्य चालू होते. तेथे नाटकवाल्यांवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी हे अवघ्या ३४ वर्षांचे कलावंत मरण पावले. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री आणि इतर साथीदार त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेले नाटक त्यांनी पूर्ण केले. नाटक ही किती गंभीर गोष्ट असू शकते, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

आता आपण येथून फार दूर, अमेरिकेतील बॉस्टन शहरात जाऊ.

बॉस्टनच्या नैर्ऋत्येला वेस्ट रॉक्सबरी नावाची वस्ती आहे. तेथे घरे आहेत, शाळा आहेत, दुकाने आहेत. तेथे दगडाची एक खाणही आहे. दगड फोडण्यासाठी खाणीत सुरुंग लावले जात. स्पेक्ट्रा एनर्जी या कंपनीने या भागातून वायूचा एक नळ नेण्याचे ठरवले. त्याची लांबी सुमारे पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर होती. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा आयोगाने त्याला परवानगी दिली.

तुम्ही म्हणाल, “वायूचे नळ तर आमच्या शहरातही आहेत. त्यात भिण्यासारखे काय आहे?” प्रश्न योग्य आहे. पण घराघरांत जाणारा बारीक नळ वेगळा आणि हा नळ वेगळा. या नळातील वायूचा दाब दर चौरस इंचाला ७५० पौंडांपर्यंत असणार होता. मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण ३० पौंड असतो. यावरून तुम्हीच अंदाज करा. शिवाय दाब कमी करण्याचे आणि वायू मोजण्याचे केंद्र त्या खाणीच्या जवळच होते. जेथे सुरुंगांनी जमीन हादरते, तेथे असा नळ का ठेवायचा, असा रहिवाशांचा सवाल होता.

दुसरी काळजी हवेची होती. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पृथ्वीची उष्णता वाढते. न जळता गळला, तर तो अधिकच घातक. वीस वर्षांच्या हिशेबाने पाहिले, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा मिथेन ऐंशी पटींहून अधिक उष्णता अडवून धरतो. बॉस्टनमध्ये जुने नळ गळत होतेच. तेथील विद्यापीठाचे प्राध्यापक नेथन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोटारीत यंत्र बसवून शहरातील रस्ते पालथे घातले. त्यांना ३,३५६ गळत्या आढळल्या. लोक म्हणू लागले, “आधी जुनी भोके बुजवा, मग नव्या नळाचे बोला.”

या वादाला दुसरी बाजूही होती. ती तुम्ही ध्यानात घेतली पाहिजे. बॉस्टनला हिवाळ्यात बर्फ पडते. घरे उबदार ठेवण्यासाठी वायू लागतो. कोळशापेक्षा वायूचा धूर कमी असतो. म्हणून नवा नळ हवा, असे त्याच्या बाजूच्या लोकांचे म्हणणे होते. पण ज्यांच्या दारावरून नळ जाणार होता, त्यांच्या शंकांचे समाधान झाले नाही. शहराचे महापौर आणि नगरसेवकही नळाच्या विरोधात होते. अर्ज झाले, सभा झाल्या, शहराने न्यायालयात दादही मागितली. तरीही रस्ते खणण्याचे काम थांबले नाही. तेव्हा लोक खोदकामाच्या जागी जाऊन बसू लागले. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत सुमारे दोनशे अटका झाल्या.

आता या कथेत आणखी एक शहर येते. त्याचे नाव कराची.

जून २०१५ मध्ये कराचीत भयंकर उष्णतेची लाट आली. रमजानचा महिना होता. लोकांचे रोजे चालू होते. वीज वारंवार जात होती. काही दिवसांतच हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यांत म्हातारे, आजारी आणि उन्हात राबणारे मजूर अधिक होते. दफनासाठी जागा आणि माणसे अपुरी पडली. म्हणून पुढच्या वर्षी, २०१६ च्या उन्हाळ्यापूर्वीच, कराचीच्या एका कब्रस्तानात लांबलचक चर खणून ठेवण्यात आले. तीनशे माणसांना पुरतील एवढे ते मोठे होते. जी माणसे अजून जिवंत होती, त्यांच्या कबरी आधीच तयार होत्या! ही बातमी जगभर पोहोचली.

ती बॉस्टनमध्येही पोहोचली. तेथील लोकांनी कराचीच्या चरांची छायाचित्रे पाहिली. मग आपल्या रस्त्यात नळासाठी खणलेला चर पाहिला. दोन्ही चर सारखेच लांब आणि सारखेच खोल वाटत होते. त्यांच्या मनात विचार आला, ‘हे दोन खड्डे वेगळे नाहीत. येथे या चरात नळ टाकला जाईल, म्हणून तेथे त्या चरात माणसे जातील.’

२९ जून २०१६ हा दिवस उजाडला. वेस्ट रॉक्सबरीत खोदकामाच्या जागी लोक जमले. त्यांत धर्मगुरू होते, शिक्षित होते, तरुण होते. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांची कन्या करेना गोर याही होत्या. काहीजण चरात उतरले आणि प्रेतांसारखे एकमेकांना लागून आडवे झाले. वर काठावर उभ्या असलेल्यांनी उष्णतेने मेलेल्यांसाठी शोक केला आणि प्रार्थना म्हटल्या. जणू एक सामुदायिक दफनविधीच चालला होता. पोलिस आले. त्या दिवशी तेवीस जणांना अटक झाली.

मित्रांनो, या प्रसंगाचा नाटक म्हणून विचार करा. येथे पडदा नव्हता, रंगभूषा नव्हती, लांबलचक संवादही नव्हते. कंपनीने नळासाठी खणलेला चर हाच रंगमंच होता. तो पाहताच अर्थ कळत होता. ‘पृथ्वीची उष्णता वाढत आहे’ हे वाक्य आपण ऐकतो आणि विसरतो. पण आपल्याच रस्त्यात, आपल्याच ओळखीची माणसे कबरीत पडलेली पाहिली, तर ती विसरता येतील का? चांगल्या पथनाट्याची हीच खूण आहे. ते दूरचे दुःख जवळ आणते. बॉस्टनच्या माणसाला त्याने कराचीच्या माणसाचा शेजारी केले.

पुढे काय झाले? खरे सांगायचे तर नळ थांबला नाही. तो पुरा झाला आणि त्यातून वायू वाहू लागला. शहराने लावलेला दावाही २०१८ साली फेटाळला गेला. मग हे नाटक फुकट गेले का?

अटक झालेल्यांपैकी तेरा जणांचा खटला २७ मार्च २०१८ रोजी न्यायाधीश मेरी अ‍ॅन ड्रिस्कॉल यांच्यापुढे उभा राहिला. सरकारी वकिलांनी गुन्ह्याचे आरोप आधीच सौम्य केले होते. न्यायाधीशांनी प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेतले. ‘आम्ही हे का केले’ ते प्रत्येकाने सांगितले. मोठे संकट टाळण्यासाठी आम्हाला छोटा नियम मोडावा लागला, असे त्यांचे म्हणणे होते. घराला आग लागली असेल, तर आतील मूल वाचवण्यासाठी आपण शेजाऱ्याचे दार तोडतो. त्याला कोणी घरफोडी म्हणत नाही. तसेच हे होते. न्यायाधीशांनी हे म्हणणे मान्य केले आणि तेराही जणांना निर्दोष ठरवले. चरात जे मुकाट पडून राहिले होते, त्यांना बोलायला अखेर जागा मिळाली. नळ जमिनीत गाडला गेला, पण प्रश्न गाडला गेला नाही.

तुमच्या मोहल्ल्यातही असे प्रश्न असतील. कोठे कचरा जाळला जातो, कोठे जनरेटरचा धूर वर्गात शिरतो, कोठे शाळेजवळच्या उघड्या गटारात मुले पडतात. मुंबईत चेंबूर-माहुल भागात तेलशुद्धीकरणाचे कारखाने १९५० नंतरच्या दशकात उभे राहिले आणि त्यांच्या आसपास वस्ती वाढत गेली. अशा प्रश्नांवर नाटक कसे करावे? ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांनी एक सोपी रीत दाखवली आहे. प्रथम आपली अडचण दहा मिनिटांत जशीच्या तशी करून दाखवायची. शेवट गोड करायचा नाही. मग तेच नाटक पुन्हा सुरू करायचे. आता पाहणाऱ्यांपैकी कोणीही “थांबा!” म्हणू शकतो, नटाच्या जागी उभा राहू शकतो आणि ‘मी असतो तर असे केले असते’ हे करून दाखवू शकतो. दुसऱ्याला आणखी वेगळा उपाय सुचतो. अशा रीतीने पाहणाराच नट होतो आणि सारी वस्ती मिळून विचार करू लागते. १९९३ ते १९९६ या काळात बोआल रिओ शहराचे नगरसेवक होते. तेव्हा अशा नाटकांतून आलेल्या सूचनांवरून काही कायदेही झाले.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाटकासाठी खोदकामाच्या खड्ड्यात कधीही उतरू नका. ते जिवावर बेतू शकते. आणि नाटकात जे सांगाल, ते आधी नीट तपासून घ्या. बॉस्टनच्या लोकांनी गळत्या मोजलेल्या होत्या, म्हणूनच त्यांच्या शोकाला वजन आले. खोट्या माहितीवर उभे केलेले नाटक एका प्रश्नाने कोसळते. खरी माहिती, थोडी हिंमत आणि एक चौक एवढे असले, तर नाटकाला आणखी काय हवे?

शब्दार्थ
कडे करणे – गोल करून उभे राहणे
पहाडी आवाज – फार मोठा, खणखणीत आवाज
चर – लांब आणि खोल खड्डा
सुरुंग – खडक फोडण्यासाठी लावलेली दारू
रस्ते पालथे घालणे – सगळीकडे हिंडून शोधणे
दाद मागणे – न्याय मागणे
दगावणे – मरण पावणे
जिवावर बेतणे – जीव धोक्यात येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अमर शेख यांचे मूळ नाव काय होते?
(आ) वेस्ट रॉक्सबरीतील नळाची लांबी किती होती?
(इ) कराचीत उष्णतेची लाट कोणत्या वर्षी आली?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नव्या नळाबद्दल रहिवाशांना कोणत्या दोन काळज्या वाटत होत्या?
(आ) नळ हवा असे म्हणणाऱ्यांची बाजू कोणती होती?
(इ) बॉस्टनचा चर पाहून लोकांना कराची का आठवली?
३. ‘नळ जमिनीत गाडला गेला, पण प्रश्न गाडला गेला नाही.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : भारावून जाणे, दाद मागणे, जिवावर बेतणे.
५. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम
तुमच्या मोहल्ल्यातील एक अडचण निवडा. तिची माहिती घरच्या मोठ्या माणसांना विचारून गोळा करा. पाच-सहा जणांनी मिळून दहा मिनिटांचे नाटुकले तयार करा आणि शिक्षकांच्या परवानगीने शाळेच्या पटांगणात सादर करा.